चॅम्पियन्स लीगच्या आधी मिट्रोपा कप होता

चॅम्पियन्स लीगचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९५५ पासून सुरुवात करतात, पॅरिसच्या लेकिप पेपरने पुढाकार घेतला आणि युरोपियन कप, म्हणजे चॅम्पियन्स लीगचं जुनं रूप, सुरू झाला वगैरे. ते बरोबरच आहे. पण शेजारशेजारच्या देशांच्या लीगमधले क्लब, एक मॅच आपल्याकडे एक त्यांच्याकडे, दोन्हीकडचे गोल मिळवून निकाल आणि हरला तो बाहेर, हे सगळं त्याच्या २८ वर्षं आधीपासून मध्य युरोपात चालू होतं. त्याचं नाव मिट्रोपा कप. रात्र रात्र जागून युरोपातलं फुटबॉल बघणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे नावसुद्धा माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुळात व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि प्राग ही तिन्ही शहरं १९१८ पर्यंत एकाच ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होती. तिथले क्लब १८९७ पासूनच चॅलेंज कप नावाची स्पर्धा आपसात खेळायचे, ती जॉन ग्रॅमलिक नावाच्या व्हिएन्नातल्या क्लबवाल्याने काढली आणि १९११ पर्यंत चालली. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य फुटलं आणि कालचे शेजारी एकमेकांना परदेश झाले, पण अंतर काही वाढलं नाही, व्हिएन्ना ते बुडापेस्ट म्हणजे साधारण पुणे-कोल्हापूर, ट्रेनमध्ये बसलं की पोचलं. फुटबॉलमधली खुन्नसही तशीच राहिली.

मग आला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. १९२४ ला ऑस्ट्रियात प्रोफेशनल लीग सुरू झाली, ब्रिटनबाहेर युरोपात पहिलीच, पाठोपाठ १९२५ ला चेकोस्लोव्हाकिया आणि १९२६ ला हंगेरी. आता प्लेयरना पगार द्यायचा म्हणजे गेटवर तिकिटं खपली पाहिजेत. ऑस्ट्रियाची लीग म्हणजे तेव्हा व्हिएन्नातलेच क्लब, त्याच त्याच टीम एकमेकींशी किती वेळा बघणार लोक. ऑलिम्पिकमध्ये प्रोफेशनल चालत नव्हते आणि वर्ल्ड कप अजून जन्मायचा होता, त्यामुळे मोठी मॅच हवी तर ती शेजाऱ्यांशीच.

हे सगळ्यात आधी ज्याला नीट कळलं तो माणूस ह्यूगो माइस्ल. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात जन्मलेला, ज्यू घरातला, आधी बँकेत नोकरी करणारा, अनेक भाषा बोलणारा, पुढे ऑस्ट्रियन फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी आणि त्या गाजलेल्या वुंडरटीमचा, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय टीमचा मॅनेजर. जुलै १९२७ मध्ये व्हेनिसला मीटिंग झाली आणि १४ ऑगस्टला पहिल्या मॅच सुद्धा झाल्या, म्हणजे ठरवण्यापासून खेळण्यापर्यंत महिनाभर पण लागला नाही. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया, प्रत्येकी दोन क्लब, एकूण आठ. दोन मॅचनंतर गोल सारखे झाले तर तिसरी मॅच, कारण अवे गोलचा नियम, म्हणजे गोल सारखे असले तर परक्या मैदानावर जास्त मारणारा जिंकला, तेव्हा नव्हता. पहिल्या फायनलला स्पार्टा प्रागने रापिड व्हिएन्नाला घरी ६-२ धुतलं, व्हिएन्नात २-१ ने हरले तरी कप त्यांचाच.

१९२९ ला युगोस्लाव्हियाच्या जागी इटली आली आणि स्पर्धेचं वजन एकदम वाढलं. १९३४ पासून प्रत्येक देशाचे चार क्लब झाले, पुढे स्वित्झर्लंड, रोमानिया पण आले, युगोस्लाव्हिया परत आला. प्रेक्षकांचं वेड मात्र सांभाळता येत नव्हतं. १९३२ ची सेमीफायनल बघा, स्लाव्हिया प्रागने युव्हेंटसला घरी ४-० हरवलं आणि परतीच्या मॅचला टुरिनमध्ये युव्हेंटस २-० पुढे असताना स्टँडमधून आलेला दगड स्लाव्हियाचा गोलकीपर प्लानिच्का याला लागला, टीम मैदान सोडून गेली. शेवटी दोन्ही क्लब बाद केले आणि दुसरी सेमीफायनल जिंकलेल्या बोलोन्याला फायनल न खेळताच चॅम्पियन जाहीर केलं.

पुढच्याच वर्षीची फायनल मात्र नुसत्या फुटबॉलसाठी लक्षात ठेवावी अशी. एका बाजूला मिलानचा क्लब आंब्रोझियाना, म्हणजे आजचा इंटर, त्यांच्याकडे मेआत्सा, ज्याच्या नावाने आज मिलानचं स्टेडियम आहे, आणि दुसरीकडे ऑस्ट्रिया व्हिएन्ना या क्लबचा माथियास सिंडेलार, अंगाने इतका सडपातळ की लोक त्याला कागदी माणूस म्हणायचे. मिलानमध्ये इंटर २-१ जिंकली. व्हिएन्नाच्या प्राटर स्टेडियममध्ये ऑस्ट्रिया व्हिएन्नाने ३-१ ने परतफेड केली, तिन्ही गोल सिंडेलारचे, आणि तिसरा तर मॅच संपत आलेली असताना. एकूण ४-३. त्या काळातले दोन सगळ्यात मोठे फॉरवर्ड क्लब जर्सीत समोरासमोर, हे इतर कुठल्या स्पर्धेत शक्यच नव्हतं.

१९३७ ला राजकारण उघडपणे मैदानात उतरलं. इटलीचा जेनोआ आणि व्हिएन्नाचा आडमिरा या क्लबांची व्हिएन्नातली मॅच २-२ सुटली पण मारामारीत, आणि परतीच्या मॅचसाठी मुसोलिनीच्या सरकारने आडमिराला इटलीत येऊच दिलं नाही. दोन्ही बाद, इटलीचाच दुसरा क्लब लात्सिओ सेमीफायनल न खेळता फायनलला. त्याच वर्षी बुडापेस्टची फेरेन्त्स्वारोश व्हिएन्नात ऑस्ट्रिया व्हिएन्नाकडून ४-१ हरली आणि बुडापेस्टला ६-१ जिंकली, मग फायनलला लात्सिओला ४-२ आणि ५-४ हरवलं, दोन मॅचमध्ये १५ गोल. त्यांच्या शारोशीने त्या एका सीझनला १२ गोल मारले.

हे बघायला माइस्ल नव्हता, फेब्रुवारी १९३७ मध्येच तो गेला. आणि मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, नाझींनी तिथलं प्रोफेशनल फुटबॉल बंद केलं, ज्या देशाने ही स्पर्धा उभी केली त्याचे क्लबच यादीतून गायब. सिंडेलार जानेवारी १९३९ मध्ये व्हिएन्नातल्या एका फ्लॅटमध्ये विषारी वायूने मेलेला सापडला. १९४० ला तरीही स्पर्धा रेटली, रोमानियाचा रापिड बुखारेस्ट आणि युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबचा ग्राजान्स्की यांच्या तीन मॅच बरोबरीत सुटून शेवटी नशिबावर निकाल लावला, पण फेरेन्त्स्वारोशबरोबरची फायनल काही झालीच नाही, युद्ध सगळीकडे पसरलं होतं.

युद्धानंतर १९५५ ला मिट्रोपा पुन्हा नीट सुरू झाला, आणि नेमका त्याच वर्षी युरोपियन कप आला. लेकिपवाल्यांपुढे १९४८ ची चिलीमधली दक्षिण अमेरिकन क्लबांची स्पर्धा होती हे खरं, त्यामुळे सगळं श्रेय मिट्रोपाला देणं चूक ठरेल, पण युरोपात हा फॉरमॅट चालतो, लोक तिकीट काढून येतात हे माइस्लच्या स्पर्धेने आधीच सिद्ध केलं होतं. १९५५ चा मिट्रोपा जिंकणारी बुडापेस्टची व्होरोश लोबोगो त्याच सीझनला पहिल्या युरोपियन कपातही खेळली. मोठे क्लब, मोठा पैसा हळूहळू तिकडे गेला. १९८० पासून तर मिट्रोपा हा सेकंड डिव्हिजनच्या चॅम्पियन्सचा कप करून टाकला, १९८२ ला तो एसी मिलानने जिंकला कारण ते तेव्हा सेरी बी, म्हणजे इटलीच्या सेकंड डिव्हिजनमधून नुकतेच वर आले होते.

शेवटचा कप १९९२ चा, इटलीत फोजाला झाला. बोस्नियातल्या बान्या लुकाच्या बोरात्सने बुडापेस्टच्या बीव्हीएससीला पेनल्टीवर हरवलं, तेव्हा बोस्नियात युद्ध सुरू झालेलं होतं. त्यानंतर ही स्पर्धा कुणी भरवली नाही.