घरगुती पाळणाघराची सुरक्षा तपासणी (गोवा)

राहत्या घरात दुसऱ्यांची लहान मुले सांभाळायची, तर ते घर मुलांसाठी कितपत निर्धोक आहे हे पाहणारी तपासणी. शाळेची इमारत शाळेसाठीच बांधलेली असते. इथे त्याच ओट्यावर घरच्यांचा स्वयंपाक चालतो आणि उशाशी आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात. म्हणून ही तपासणी वास्तूइतकीच घरातल्या सवयींचीही असते.

परवान्याची पद्धत देशोदेशी निराळी. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही संस्था घरी मुले सांभाळणाऱ्यांची नोंदणी व तपासणी करते. आठ वर्षांखालील सहापेक्षा जास्त मुले एका व्यक्तीकडे सहसा ठेवता येत नाहीत. कॅलिफोर्नियात लहान गृह-पाळणाघराला ८ आणि मोठ्याला १४ मुलांची कमाल मर्यादा आहे. मुलांच्या संख्येला एवढे महत्त्व, कारण आग लागली तर कितीजणांना उचलून बाहेर नेता येईल हे तिच्यावरच ठरते.

भारतात २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. पुढच्या वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने किमान मानके सुचवली. त्यांत दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा धरली आहे. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये चार मुले सांभाळणाऱ्या मावशींना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिलेली नाहीत, तरी मोजायला हाताशी एक माप मिळते.

गोव्यातल्या जुन्या घरात मात्र छापील यादी अपुरी पडते. अंगणातली विहीर, म्हणजे बांय, हा पहिला धोका. कठडा उंच असला तरी शेजारी पालथी घातलेली बादली चढायला पुरते, त्यामुळे वर कुलपाची लोखंडी जाळी हवी. न्हाणीत पाण्याने भरलेले भाण आणि त्याखालचा विस्तव एकाच ठिकाणी असतात. रांगणाऱ्या मुलाला तर बादलीतले चार बोटे पाणीही घातक ठरू शकते. राजांगणाची, म्हणजे घरातल्या मधल्या चौकाची, पायरी आणि बाल्कांवाचे, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीचे, उघडे टोक मोठ्यांच्या नजरेत भरत नाही. तपासणाऱ्याने गुडघ्यांवर बसून घर पाहावे, हे ऐकायला विनोदी वाटते, पण उपयोग त्याचाच होतो. मार्च ते मे या दिवसांत अंगणात काजूच्या बिया वाळत असतात. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, आणि सोललेला काजूगर तीन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. खेळायची जागा माडाखाली असेल, तर नारळ वेळच्या वेळी पाडून घेतले आहेत का, हेही विचारावे लागते.

फ्लॅटमध्ये धोके वेगळे. बाल्कनीच्या गजांतून डोके जाईल एवढी फट नसावी. चोरांच्या भीतीने बसवलेली जाळी आगीत बाहेर पडायची वाट बंद करते, म्हणून तिची किल्ली हाताशी हवी. गॅसची नळी, विजेच्या गळतीला तत्काळ वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच आणि रिमोटमधल्या बटण-बॅटऱ्या पाहायलाच हव्यात. गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. तान्ह्या मुलाला उताणे आणि उशीविना झोपवतात का, हे दुपारी गेल्यावरच दिसते.

माणसांची चौकशी सर्वांत अवघड. घरात कोण राहते, दिवसभर कोण ये-जा करते, मुलाला न्यायला कोणाला परवानगी आहे, हे लेखी लागते. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ चा आहे आणि बाल न्यायालयही आहे. मुलावरचा लैंगिक अत्याचार ठाऊक असून न कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. तरीही ‘घरचेच तर आहेत’ हे उत्तर हमखास मिळते, आणि घरमालकिणीपुढे पुढचा प्रश्न विचारायचा संकोच अनेकांना होतो.

कळवून केलेल्या भेटीत बांयवरची जाळी कुलूपबंद दिसतेच. न सांगता, सकाळी साडेआठला, पालक मुले सोडत असताना गेले तर ते कुलूप खिळ्याला टांगलेले आढळू शकते. पहिली पाहणी उन्हाळ्यात झाली असेल तर दुसरी जूननंतर करावी: शेवाळलेला चिरा, ओल धरलेला स्विचबोर्ड आणि लाकडांच्या ढिगाआड शिरलेले साप तेव्हाच सापडतात.