जिद्द मोजायची कशी? बास्केटबॉल ड्राफ्टमधला अवघड हिशोब

२६ जून २०१४ च्या रात्री ब्रुकलिनमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, रंगला होता. ४१ व्या क्रमांकावर डेन्व्हर नगेट्सनं निकोला योकिच या १९ वर्षांच्या सर्बियन मुलाला निवडलं, तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात लागली होती. योकिचचं नाव पडद्याच्या तळाच्या पट्टीवर झळकून गेलं, एवढंच. तो स्वतः त्या वेळी झोपला होता. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ असे तीनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी, ठरला आणि २०२३ मध्ये त्यानं डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. ड्राफ्टमध्ये इतक्या खालून आलेला दुसरा कुणीही आजवर एमव्हीपी झालेला नाही. खुद्द डेन्व्हरनंही त्या रात्री त्याच्याआधी दुसरे खेळाडू घेतले होते.

एवढे तज्ज्ञ एकाच वेळी कसे चुकले? योकिच स्थूल होता, धावायला संथ होता, उडी जेमतेम मारायचा आणि दिवसाला काही लिटर कोका-कोला प्यायचा. अशा मुलाकडे पाहून ‘गुण आहेत, पण भूक नाही’ असा शेरा मारणं फार सोपं असतं. ड्राफ्टच्या चर्चांमध्ये हा शेरा दरवर्षी ऐकू येतो, आणि त्याचा जुळा भाऊही येतो: ‘गुण बेताचे, पण पोरगा जीव तोडून खेळतो.’ या दोघांतला कुठला घ्यावा, यावर चाहते तासन्‌तास भांडतात. मला वाटतं, हा प्रश्नच बराचसा फसवा आहे. तो का फसवा आहे, हे संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र फार चांगलं दाखवून देतं.

आधी मोजमापांविषयी थोडं. ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत जेमतेम ६० जणांची निवड होते. त्याआधी आघाडीचे बरेच उमेदवार शिकागोतल्या कंबाइनला, म्हणजे चाचणी शिबिराला, जातात. तिथं उंची, दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, उभी उडी, दिशा बदलत धावण्याचा वेग असं सगळं मोजतात आणि संघ मुलाखती घेतात. २००७ मध्ये केव्हिन ड्युरँटला १८५ पौंडांचं, म्हणजे सुमारे ८४ किलोंचं वजन बेंच प्रेसवर एकदाही उचलता आलं नव्हतं. तो आज या खेळातल्या सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्यांपैकी एक आहे. म्हणजे मोजमापं निरुपयोगी आहेत का? नाही. उंची नसेल तर या दारात शिरणंच मुश्कील असतं. पण जे शिरले ते सगळेच उंच, चपळ आणि ताकदवान असतात, त्यामुळे आतल्या आत तुलना करायला ही मापं तोकडी पडतात.

मेहनतीच्या बाबतीतही नेमकं हेच होतं. ब्रुक मॅकनमारा आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये खेळांतल्या सरावावरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. खेळाडू-खेळाडूंच्या कामगिरीत जो फरक असतो, त्यातला सुमारे १८ टक्के भाग जाणीवपूर्वक केलेल्या सरावाशी जोडता येतो, असं त्यांना दिसलं. मात्र केवळ अव्वल दर्जाच्या खेळाडूंकडे पाहिलं, तर तो भाग जेमतेम १ टक्क्यावर आला. यावरून ‘वर गेल्यावर सरावाला किंमत नाही’ असं कुणी म्हणेल तर ते चूक आहे. तिथं पोहोचलेल्या प्रत्येकानंच हजारो तास घाम गाळलेला असतो. जी गोष्ट सगळ्यांकडे जवळपास सारखी आहे, ती त्यांच्यातला फरक समजावून सांगू शकत नाही. ती आहे म्हणून सगळे टिकलेत, नसती तर कुणीच टिकलं नसतं.

आता मुख्य गोम पाहू. समजा, हजारो मुलांना उपजत गुणांसाठी १ ते १० आणि जिद्दीसाठी १ ते १० असे आकडे दिले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असंही धरू. आता असा नियम करू की ज्यांची बेरीज १४ किंवा त्याहून जास्त, तेच ड्राफ्टच्या यादीत येतील. ज्याचे गुण १० आहेत, त्याला जिद्द ४ असली तरी चालते. अशा मुलांची जिद्द ४ पासून १० पर्यंत कुठंही असेल, सरासरी ७. ज्याचे गुण ५ आहेत, त्याला जिद्द ९ किंवा १० असल्याशिवाय यादीत जागाच नाही, म्हणजे सरासरी साडेनऊ. आणि ज्याचे गुण ४ आहेत, त्याला जिद्दीत पैकीच्या पैकी हवेत.

ही यादी हातात घेऊन बसलेल्या स्काउटला, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याला, काय दिसेल? जितका पोरगा गुणी, तितका तो आळशी. आणि जितका मेहनती, तितका गुणांनी कमी. वर्षानुवर्षं हेच पाहिल्यावर ‘देव एका हातानं देतो आणि दुसऱ्या हातानं काढून घेतो’ असं त्याला वाटू लागलं, तर नवल नाही. प्रत्यक्षात हे नातं माणसांत नाही, ते निवडीच्या चाळणीतून आलेलं आहे. कमी गुण आणि कमी जिद्द असलेली मुलं घरी बसली, ती स्काउटच्या नजरेला पडलीच नाहीत. मेयो क्लिनिकमधले जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये रुग्णालयातल्या रुग्णांच्या नोंदींबाबत हा सापळा दाखवून दिला, म्हणून त्याला बर्कसनचा विरोधाभास म्हणतात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतल्या ११,००० हून अधिक कॅडेट्सचा अभ्यास अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीचं खडतर प्रशिक्षण कोण पुरं करेल, याचा अंदाज चिकाटीवरून चांगला येत होता. अभ्यासातल्या गुणांचा अंदाज बुद्धिमत्तेवरून येत होता. त्याच आकडेवारीत आणखी एक गोष्ट होती. या कॅडेट्समध्ये बुद्धिमत्ता आणि चिकाटी यांचं नातं उलटं होतं. हुशारांमध्ये चिकाटी थोडी कमी, चिवटांमध्ये हुशारी थोडी कमी. मला यात सर्वांत आधी चाळणी दिसते, कारण वेस्ट पॉइंट प्रवेश देताना अभ्यास, शरीर आणि नेतृत्व यांचे गुण एकत्र करूनच मुलं निवडतं. एनबीएची चाळणी तर याहून कितीतरी बारीक आहे.

म्हणून एखाद्या गुणी मुलाला ‘आळशी असणारच’ म्हणून आधीच गुण कापू नयेत आणि मेहनती मुलाला ‘याच्यात अजून काय वाढायचं राहिलंय’ म्हणून बाजूला सारू नये. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे, एकीची सावली दुसरीवर पडू न देता तपासायला हव्यात.

पण जिद्द तपासायची कशी? टेपनं ती मोजता येत नाही, म्हणून संघ मुलाखतींवर भिस्त ठेवतात. जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नॅथॅनिएल पीटरसन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना अनोळखी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या पुढच्या परीक्षेतल्या गुणांचा अंदाज बांधायला सांगितलं होतं. ज्यांच्याकडे फक्त आधीचे गुण होते त्यांचे अंदाज, मुलाखतही घेतलेल्यांपेक्षा सरस ठरले. काही मुलाखतींत तर समोरचा विद्यार्थी ‘हो’ की ‘नाही’ हे मनाला येईल तसं न ठरवता एका यांत्रिक नियमानुसार उत्तरं देत होता. मुलाखत घेणाऱ्यांना ते कळलंच नाही. त्या निरर्थक उत्तरांतूनही त्यांनी माणसाचं एक नीटनेटकं चित्र उभं केलं. १९ वर्षांचा, एजंटनं आठवडाभर तयारी करून घेतलेला मुलगा ‘मी सकाळी सहाला जिममध्ये असतो’ म्हणतो, तेव्हा संघाच्या हाती नक्की काय लागतं?

त्यातून आपलं मन आणखी एक खोडी करतं. चिया-जुंग त्से आणि महझरीन बानाजी यांनी २०११ मध्ये संगीतातल्या जाणकारांना पियानोचे तुकडे ऐकवले. एक वादक उपजत प्रतिभेचा, दुसरा कष्टानं वर आलेला, असं त्यांना सांगितलं होतं. खरं तर वाजवणारी व्यक्ती एकच होती. ‘प्रतिभेपेक्षा मेहनत महत्त्वाची’ असं तोंडानं सांगणाऱ्या जाणकारांनीही झुकतं माप ‘उपजत’ वादकालाच दिलं. क्रीडाक्षेत्रात घाम गाळण्याचं एवढं कौतुक होतं, तरी पहिल्या पाचात कुणाला घ्यायचं ही वेळ आली की उंच उडी मारणारा पोरगा डोळ्यांत भरतो, यात मला याच खोडीचा हात दिसतो.

आळस म्हणून जे दिसतं, ते कधी कधी भलतंच असतं. २०१३ मध्ये क्लीव्हलँडनं पहिल्याच क्रमांकावर अँथनी बेनेटला घेतलं. पहिल्या चार सामन्यांत त्याला एकही बास्केट करता आली नाही. धापा टाकणारा, वजन वाढलेला हा मुलगा चेष्टेचा विषय झाला. त्या उन्हाळ्यात त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे सराव बुडाला होता. त्याला दमा होता. झोपेत श्वास अडकण्याचा, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाचा त्रासही होता. रात्रभर नीट झोप न मिळालेल्या माणसाच्या पायांत शेवटच्या, चौथ्या क्वार्टरला जोर राहत नाही, आणि स्टँडमधून ते अगदी अनास्थेसारखं दिसतं. बेनेट महान झाला असता असं मी म्हणत नाही. पण त्याच्या अपयशाचं खापर थेट मनावर फोडणाऱ्यांनी आधी फुप्फुसांकडे पाहायला हवं होतं.

त्याच ड्राफ्टमध्ये १५ व्या क्रमांकावर मिलवॉकीनं यानिस आंतेतोकूंपोला घेतलं. नायजेरियन आईबापांचा, अथेन्सच्या रस्त्यांवर किरकोळ वस्तू विकून घराला हातभार लावलेला हा मुलगा तेव्हा ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्यामागे ६.८ गुण. त्यानंतर १२.७, १६.९, २२.९, २६.९. ड्राफ्टनंतर त्याची उंचीही काही सेंटिमीटरनं वाढली! कष्ट आणि देहयष्टी अशी सरळ वाटणी इथं करताच येत नाही. १८ व्या वर्षी ‘गुण’ हाच आकडा अजून ठरलेला नव्हता.

माझा भर असतो तो या चढत्या आकड्यांवर. मुलगा आज कुठं आहे यापेक्षा गेल्या वर्षी कुठं होता आणि मधल्या काळात काय बदललं, हे पाहावं. सुधारणा ही जिद्दीची मैदानावर उमटलेली खूण आहे, आणि ती मुलाखतीत पाठ करून सांगता येत नाही. कवाय लेनर्डचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातल्या दोन वर्षांत लांबच्या रेषेमागून मारलेल्या, तीन गुण देणाऱ्या त्याच्या फटक्यांपैकी साधारण चारातला एकच आत जायचा. २०११ मध्ये तो १५ व्या क्रमांकापर्यंत घसरला. इंडियानानं त्याला निवडून लगेच सॅन अँटोनियोला देऊन टाकलं. पण त्याचे फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर कुणाच्या अडथळ्याविना मारायचे फटके, चारातले तीन आत जात होते. हात स्थिर होता, म्हणजे दोष फेकण्याच्या पद्धतीत होता. सॅन अँटोनियोकडे चिप एंगलँड हे नेमबाजीचे नावाजलेले प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली पहिल्याच हंगामात, कॉलेजपेक्षा लांब असलेल्या रेषेमागून, लेनर्डचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या वर गेलं. २०१४ च्या अंतिम मालिकेचा तो सर्वोत्तम खेळाडू होता.

यात एंगलँड यांचा वाटा विसरून चालणार नाही. जिद्द ही माणसाच्या पोटात कायमची भरून ठेवलेली वस्तू नव्हे. भोवतालच्या माणसांनुसार ती वाढते आणि आटते. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये दाखवलं की कोडी सोडवण्यासाठी पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत ती कोडी कमी हाताळत होते. एनबीएतही करार संपत येण्याच्या वर्षी काही आकडे वर जातात आणि नवा करार खिशात पडल्यावर पुन्हा उतरतात, असं मार्क व्हाइट आणि केनन शेल्डन यांना २०१४ मध्ये आढळलं. माणूस तोच, परिस्थिती वेगळी.

संधीही सारखी मिळत नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये दाखवलं की कामगिरी सारखी असली तरी वरच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूला मैदानावर जास्त मिनिटं मिळतात आणि तो लीगमध्ये जास्त वर्षं टिकतो. संघानं मोठा डाव लावलेला असतो, तो सोडवत नाही. त्यामुळे ‘आमची निवड बरोबर होती’ हा निष्कर्षही अर्धा आपणच घडवलेला असू शकतो.

२०१५ मध्ये डॅलसनं ५२ व्या क्रमांकावर पंजाबच्या बल्लो के गावातल्या सतनाम सिंगला निवडलं. भारतात जन्मलेला, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. सात फुटांहून जास्त उंची आणि घर सोडून फ्लोरिडाच्या अकादमीत जाण्याचं धाडस, दोन्ही त्याच्याकडे होतं. तरी एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. ज्या वयात अमेरिकेतली मुलं दर आठवड्याला तोलामोलाच्या मुलांशी झुंजत असतात, त्या वयात तशी स्पर्धा आपल्याकडे त्याला कुठून मिळणार होती? स्पर्धेचा हा तिसरा आकडा गुण आणि जिद्दीच्या वादात कुणी धरतच नाही, आणि आपल्या देशातल्या मुलांसाठी तोच सर्वांत मोठा आहे.

संघांनी काय करावं? मुलाखतीपूर्वीच अंदाज लिहून ठेवावा, गुण आणि जिद्द यांचे शेरे वेगवेगळ्या माणसांकडून घ्यावेत, आणि पाच वर्षांनी ते उघडून ताडून पाहावेत. पण फक्त निवडलेल्यांचे नव्हे. बेन वॉलेसला १९९६ मध्ये कुठल्याही संघानं निवडलं नव्हतं. तो चार वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. फ्रेड व्हॅनव्लीटलाही २०१६ मध्ये कुणी घेतलं नाही. तीन वर्षांनी तो टोरांटोच्या विजेत्या संघात होता. या दोघांविषयी तेव्हा काय लिहिलं गेलं होतं, ते नाकारलेल्यांच्या कागदांमध्येच सापडेल.