भूक लागेपर्यंत थांबू नका

घोडबंदर रोडवरचा असो की नेरूळमधला, रविवारी दुपारी वृद्धाश्रमात भेटायला आलेल्या मुलामुलींचं आणि तिथल्या मावशींचं बोलणं बहुतेक ठरलेलं असतं. "आईने आज काय खाल्लं?" "अर्धी पोळी, दोन घास भात. नकोच म्हणतात." मग कोणीतरी म्हणतं, राहू दे, भूक लागली की मागेल. धडधाकट पोराच्या बाबतीत हे चालून जातं. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या बाबतीत चालत नाही.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या सुझन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण आणि वयस्क अशा निरोगी पुरुषांना २१ दिवस गरजेपेक्षा रोज साधारण ७५० कॅलरी कमी जेवण दिलं. दोन्ही गटांचं वजन उतरलं. मग हवं तेवढं खायची मोकळीक दिली. तरुणांनी जास्तीचं खाऊन झीज भरून काढली. वयस्कांनी तसं केलं नाही, त्यांचं वजन उतरलेलंच राहिलं. उपासाची भरपाई करायला लावणारी शरीरातली यंत्रणाच वयानुसार मंदावते. म्हणून तापात किंवा हॉस्पिटलच्या आठवड्यात गेलेले दोन किलो आपसूक परत येत नाहीत; कोणीतरी मुद्दाम खाऊ घालावं लागतं.

"पोट भरलं" हेही नाटक नसतं. जेवण आत येताच जठराचा वरचा भाग सैल होऊन जागा करतो. म्हातारपणी तो पुरेसा सैलावत नाही, अन्न लवकर खालच्या भागात उतरतं, तिथे ताण येतो आणि चार घासांतच मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. शिवाय कोलेसिस्टोकायनिन हे तृप्तीचं संप्रेरक वृद्धांच्या रक्तात तरुणांपेक्षा जास्त आढळतं. अशा पोटासमोर भरलेलं ताट ठेवून आग्रह करण्यात अर्थ नाही. अर्धी वाटी मऊ भात, पण त्यावर दोन चमचे तूप म्हणजे ९० कॅलरी वाढल्या. खिरीत दुधाची पावडर, वरणात कुस्करलेलं पनीर, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. ५० किलोच्या आईला दिवसाला किमान ५० ग्रॅम प्रथिनं लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा). एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. चहा-बिस्किटावर हा हिशोब जुळत नाही. स्मृतिभ्रंश असेल तर सकाळी माणूस जास्त खातो, म्हणून जास्त पौष्टिक खाऊ संध्याकाळसाठी राखून ठेवू नये.

आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. १९८४ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ६५ ते ८० वयातल्या निम्म्याहून अधिक लोकांची वास ओळखण्याची क्षमता बरीच घटलेली दिसली. ८०च्या पुढे तर तीन चतुर्थांशांहून अधिक जणांची. त्यात आश्रमाचा स्वयंपाक सगळ्यांना चालावा म्हणून हिंग, लसूण, मिरची सगळंच बेताचं. चेंदणी कोळीवाड्यात उभा जन्म सुक्या बोंबलावर काढलेल्या आजोबांना ती दुधी भोपळ्याची भाजी म्हणजे ओला कागद लागत असणार. मेतकूट, लसणाची चटणी, लिंबाची फोड, वरून हिंगाची फोडणी एवढं घरून नेता येतं. नियमात बसत असेल तर जवळ्याची चटणीही.

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान प्रेमाने लादलेली पथ्यं करतात. शुगर आहे म्हणून गोड बंद, बीपी आहे म्हणून मीठ बंद, कोलेस्टेरॉल म्हणून तूप बंद. वीस वर्षांपूर्वी पंचावन्नाव्या वर्षी दिलेला डायट चार्ट पंच्याहत्तरीतही भिंतीवर असतो. युरोपातल्या क्लिनिकल पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक सूचना आहे की वृद्धांमध्ये खाणं घटवणारी पथ्यं शक्यतो टाळावीत. कुठलं सैल करायचं ते डॉक्टरांना विचारा, पण विचारा नक्की.

त्याच भेटीत औषधांची पिशवीही दाखवावी. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल, लोहाच्या गोळ्या, यांतलं काहीही भूक मारू शकतं. बद्धकोष्ठ, सैल झालेली कवळी, तोंडातली बुरशी, उदासी, थायरॉइड हेही तपासून घ्यावं. भूक वाढवायचं सिरप मात्र केमिस्टकडून परस्पर आणू नये. त्यात पुष्कळदा सिप्रोहेप्टाडिन असतं. ते ॲलर्जीचं जुनं औषध आहे आणि वृद्धांमध्ये गोंधळलेपणा, लघवी अडणं, बद्धकोष्ठ, कोरडं तोंड आणू शकतं. यातली शेवटची दोन तर भूकच घालवतात.

जेवण कुठे आणि कसं वाढलं जातं यानेही मोठा फरक पडतो. नेदरलँड्समधल्या पाच नर्सिंग होममध्ये १७८ जणांवर झालेला प्रयोग २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. काहींना नेहमीप्रमाणे तयार ट्रे, तर काहींना टेबलाभोवती, मध्ये भांडी ठेवून, घरच्यासारखं वाढून घेणं. सहा महिन्यांनी घरगुती पंगतीतल्यांचं वजन आणि हालचाल ट्रेवाल्यांपेक्षा चांगली टिकून होती. खोलीत एकटीला ताट नेऊन देणं सोयीचं असेल, पण ते महागात पडतं. भेटायला जाताना जेवणाच्या वेळेला जावं आणि स्वतःही तिथेच दोन घास खावेत.

बोस्टनमध्ये अल्झायमर झालेल्या केवळ नऊ जणांवर एक छोटा अभ्यास झाला होता. ठळक लाल ताटल्या-पेल्यांत दिल्यावर त्यांचं खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. नऊच माणसं होती, तेव्हा आकडे फार मनावर घेऊ नयेत. पण पांढऱ्या मेलामाइनच्या ताटलीतला दहीभात अधू नजरेला दिसणं कठीणच. रंगीत ताटली काही महाग नाही.

आश्रमात दर महिन्याला वजन नोंदवून घ्यावं. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट म्हणजे डॉक्टर हवेतच. खाताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा-ओला येत असेल तर गिळण्याची तपासणी आधी, आग्रह नंतर.

स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात पोटात नळी घालून अन्न द्यायचं का, हा प्रश्न येतो. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या आजारांवरच्या तज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की अशा वेळी नळी घालण्यापेक्षा हाताने, सावकाश भरवावं. नळीने न्यूमोनिया टळत नाही. पण भरवायला वेळ लागतो. म्हणून आश्रम निवडताना बाग आणि लिफ्ट पाहून झाली, की जेवणाच्या वेळी एका मावशीकडे भरवायचे किती जण असतात, हे विचारून घ्यावं.