वार एक की दोन?

जुळी आहेत असं कळलं की सोनोग्राफीचा रिपोर्ट घरभर फिरतो. दोन काळ्या पिशव्या कुठे दिसतात ते प्रत्येकजण बोट ठेवून बघतो. खाली कुठेतरी ‘डीसीडीए’ किंवा ‘एमसीडीए’ अशी चार अक्षरं असतात, त्यांच्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. पुढे त्या बाईला किती वेळा तपासणीला यावं लागणार, बाळंतपण कितव्या आठवड्यात करायचं, बाळांना काचेच्या पेटीत ठेवायची वेळ कितपत येईल, हे बरंचसं त्या चार अक्षरांवर ठरतं.

नातेवाइकांना हवं असतं ते ‘दोघं एकसारखी दिसणार का?’ याचं उत्तर. डॉक्टर आधी बघतात वार. नाळेच्या दुसऱ्या टोकाला, गर्भाशयाला चिकटलेली ती मांसल चकती, बाळ आल्यावर मागाहून पडते ती. ‘डीसी’ म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र वार, ‘एमसी’ म्हणजे दोघांत मिळून एकच. आपल्याकडे सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारणं गुन्हा आहे. वार एक की दोन हे विचारणं अजिबात नाही, तेव्हा बिनधास्त विचारावं.

दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांना जवळजवळ नेहमी स्वतंत्र वार असते. एकाच फलित बीजाचे दोन भाग झाले, तर ते कितव्या दिवशी झाले यावर सगळं अवलंबून. पहिल्या तीन दिवसांत झाले तर वार वेगळी. साधारण चौथ्या ते आठव्या दिवसांत झाले तर वार एक आणि पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, दोन (‘डीए’), हीच एमसीडीए. त्याहून उशीर झाला तर पाणमोटही एकच, आणि दोन आठवड्यांच्या आसपास गेलं तर जोडलेली बाळं. म्हणजे एकसारख्या जुळ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जोड्यांना वार स्वतंत्र असते. ‘वार वेगळी, म्हणजे ही एकसारखी नव्हेत’ असं बाळंतपणानंतर छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे.

गंमत म्हणजे दोन वेगळ्या वारी शेजारी-शेजारी रुजल्या तर त्यांच्या कडा एकमेकींना भिडतात आणि पुढे ती एकच वार वाटते. म्हणून हा निवाडा 11 ते 14 आठवड्यांतच करायचा. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे टेकतो तिथे पाचरीसारखा जाड त्रिकोण दिसला तर वारी दोन. पडदा केसासारखा बारीक येऊन काटकोनात टेकला तर वार एक. नंतर हा त्रिकोण पुसट होत जातो आणि मोठमोठी यंत्रंही गोंधळतात.

आता या सगळ्यातला मला सर्वात आवडणारा भाग. एकाच वारेवर वाढणाऱ्या जवळजवळ सगळ्या जुळ्यांच्या रक्तवाहिन्या त्या वारेत एकमेकांना जोडलेल्या असतात. फ्रीडरिश शात्स या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने 19व्या शतकातच हे जोड तपासून त्याला ‘तिसरं अभिसरण’ म्हटलं होतं. एक अभिसरण पहिल्या बाळाचं, एक दुसऱ्याचं आणि हे तिसरं दोघांमधलं. सामाईक विहीर असली म्हणून भांडण व्हायचंच असं नाही, बहुतेक जोड्यांत देवाणघेवाण बरोबरीची राहते. पण जोड दोन जातींचे असतात. पृष्ठभागावर रोहिणी थेट रोहिणीला मिळते, तिथे ज्याचा दाब जास्त त्याच्याकडून रक्त वाहतं, दाब उलटला की प्रवाहही उलटतो. दुसरी जात खोलवरची. वारेच्या एखाद्या खंडात रोहिणी शिरते एका बाळाची आणि त्याच खंडातून नीला बाहेर पडते दुसऱ्याकडे. हा रस्ता एकेरी. एकेरी रस्ते एका दिशेने जास्त असले आणि भरपाई करणारे रोहिणी-रोहिणी जोड कमी पडले, की एक बाळ देणारं होतं आणि दुसरं घेणारं. एका वारेच्या गर्भारपणांत शंभरांतल्या 10 ते 15 जणींच्या बाबतीत असं होतं.

पुढचं काम मूत्रपिंडं करतात. गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. देणाऱ्याचं रक्त कमी, म्हणून त्याची मूत्रपिंडं रक्तदाब वाढवणारं रेनिन सोडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, लघवी थांबत जाते आणि पाणी आटून पडदा त्याच्या अंगाला चिकटतो. घेणाऱ्याच्या हृदयाचे कप्पे जादा रक्ताने ताणले जातात, त्यातून एएनपी हे संप्रेरक सुटतं, लघवी वाढते, पिशवी फुगते. यातही मेख अशी की देणाऱ्याचं रेनिन त्याच जोडांतून घेणाऱ्याकडे पोचतं. आधीच भरून वाहणाऱ्या त्या बाळाचा रक्तदाब त्याने आणखी चढतो आणि ज्याला ‘फायदा’ झाला असं वाटतं त्याचंच हृदय बऱ्याचदा आधी थकतं. आईला जाणवतं ते इतकंच, की चार-आठ दिवसांत पोट भलतंच ताणलं आणि दम लागायला लागला. घरचे म्हणतात, ‘जुळी आहेत, पोट मोठं दिसणारच.’ इथे वेळ जातो.

उपचार आहे. दोन-तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण गर्भाशयात घालून लेझरने ते जोड जाळायचे. आत शिरा ओळखायची खूण आपल्या सवयीच्या उलट असते. बाळाच्या रोहिणीत प्राणवायू संपलेलं रक्त वारेकडे जातं, म्हणून ती काळपट, आणि नीला लालभडक. शिवाय रोहिणी नीलेच्या वरून जाते. युरोपातल्या 142 जणींवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2004 साली आले, लेझर केल्यावर किमान एक बाळ जन्मानंतर 28 दिवस जगण्याचं प्रमाण 76 टक्के होतं, नुसतं जादा पाणी काढल्यावर 56. उपचारच न केल्यास तीव्र आजारात बहुतेकदा दोघंही जातात.

एक वार असो की दोन, आईवरचा भार असतोच. रक्तदाब वाढून होणारा प्रीएक्लॅम्प्सिया एका बाळाच्या तुलनेत दोन ते तीन पट, ॲनिमिया जास्त, आणि अति ताणलेलं गर्भाशय नीट आवळलं न गेल्याने बाळंतपणानंतर रक्तस्राव. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवडे भरायच्या आत जन्मतात.

जुळं केळं खाल्लं की जुळी होतात, ही समजूत अजून जिवंत आहे. केळफुलात चिकटलेल्या दोन केळ्यांचा बाईच्या बीजकोशाशी काय संबंध? एकसारखी जुळी जगभर दर हजार बाळंतपणांत साधारण चारच्या आसपास होतात. कमी-जास्त होतात ती दोन बीजांची भिन्न जुळी, आणि त्यामागे आईचं वय, तिच्याकडची आनुवंशिकता आणि वंध्यत्वावरचे उपचार असतात. दुसरं बाळ पुष्कळदा पायाकडून येतं, मग ते ‘पायाळू’, त्याची लाथ उसण भरलेल्या कमरेवर गुणकारी! खरं तर पहिल्याचं डोकं खाली असेल तर दुसरं पायाळू असूनही अनुभवी हातांखाली नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. नुसती जुळी आहेत म्हणून सिझेरियन लागतंच असं नाही.

एका वारेच्या जुळ्यांसाठी मात्र 16व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. ‘इतक्या सोनोग्राफ्या बाळाला बाधतात’ असं म्हणून मधली एखादी टाळू नये. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, तिच्यात एक्स-रे नसतो. दोन आठवड्यांत दोन्ही पिशव्यांतलं पाणी पार बदललेलं असू शकतं.