गाभण डुकरिणीला वळायला जागा: एका साध्या मागणीची पार्श्वभूमी

डुकरिणीचा गाभण काळ सुमारे ११४ दिवसांचा. १९६०-७०च्या दशकांत युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या फार्मवर हा सगळा काळ तिला लोखंडी गजांच्या कप्प्यात ठेवण्याची पद्धत रुजली. कप्पा साधारण दोन फूट रुंद आणि सात फूट लांब. खाली फटींची फरशी, म्हणजे पेंढा टाकायला नको आणि झाडलोटही वाचते. फार्मवाल्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. कळपात दांडग्या माद्या दुबळ्यांना खाद्यावरून हुसकावतात, चावतात. कप्प्यात प्रत्येकीला मोजून खाद्य घालता येतं. पण या सोयीपायी मादीचं वळणंच बंद झालं.

१९६४ साली रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशीन्स’ या पुस्तकामुळे ब्रिटनमध्ये खळबळ उडाली आणि सरकारने प्रा. ब्रँबेल यांची समिती नेमली. समितीने १९६५च्या अहवालात बजावलं की, फार्मवरच्या जनावराला निदान वळता, अंग साफ करता, उठता, बसता आणि पाय ताणता आलेच पाहिजेत. याहून कमी काय मागायचं? तरीही ब्रिटनमध्ये हे कप्पे पूर्ण बंद व्हायला १९९९ उजाडलं.

मधल्या काळात एडिनबरा इथल्या संशोधकांनी फार्मवरचीच डुकरं मोकळ्या, झाडाझुडपांच्या कुंपणात सोडून पाहिली. वीण जवळ आली तशा माद्या कळपापासून दूर गेल्या, जमीन उकरून खळगा केला, तोंडात गवत-काटक्या धरून आणल्या आणि घरटं रचलं. पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त वाढूनही ही ओढ गेली नव्हती. कप्प्यातली मादी मात्र तासन्‌तास समोरचा गज चावत राहते, नाहीतर रिकामं तोंड चघळत राहते. चालणं-फिरणं नसल्याने तिची हाडंही कमकुवत होतात.

स्वीडनने १९८८च्या कायद्याने वाट दाखवली. युरोपीय संघाची बंदी १ जानेवारी २०१३पासून लागू झाली, तीही रेतनानंतरचे पहिले चार आठवडे वगळून. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी २००२ साली थेट राज्यघटनाच दुरुस्त केली: गाभण मादीला मोकळेपणी वळता येईल अशीच ठेवायची. कॅलिफोर्नियाने २०१८मध्ये मादीमागे २४ चौरस फूट जागा ठरवली आणि बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या मांसालाही तोच नियम लावला. त्याविरुद्ध डुक्करपालन उद्योग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे २०२३मध्ये हरला.

विण्याच्या वेळचा पिंजरा मात्र युरोपात बहुतेक ठिकाणी अजून चालतो. पिल्लं आईखाली चिरडू नयेत, हे त्यामागचं कारण आणि ती भीती खरी आहे. पण स्वीडन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमध्ये माद्या मोकळ्या वितात. पिंजरे हटवा म्हणून युरोपात सुमारे १४ लाख सह्या जमल्या. युरोपीय आयोगाने २०२१मध्ये शब्द दिला की, २०२३अखेर कायद्याचा मसुदा आणू. ती मुदत टळली.

आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ सांगतं की, हालचालीला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात जनावर ठेवणं गुन्हा आहे. आता राष्ट्रीय पशुधन अभियानातून १०० माद्या आणि १० नरांच्या पैदास केंद्राला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. शेड नव्याने उभ्या राहताहेत, तेव्हा मंजुरीआधीच आराखड्यावर कप्प्याची मापं तपासली पाहिजेत. एकदा लोखंड गाडलं की ते काढायला किती वर्षं लागतात, ते ब्रिटनमध्ये दिसलंच आहे.