ईव्हीएसचा पेपर, प्रदूषणाचे कायदे आणि ठाण्याची खाडी

ठाण्यात कॉमर्सला प्रवेश घ्या की वाशीत बीएस्सीला, ईव्हीएस, म्हणजे पर्यावरण अभ्यासाचा सक्तीचा पेपर, काही चुकत नाही. आदल्या रात्री गाइड उघडून निघणारा हा पेपर कुठल्या विद्यापीठाच्या डोक्यातून आलेला नाही. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण विषय सक्तीचा करायला सांगितले. त्याच आदेशात सिनेमागृहांनी पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात असेही होते. अंमलबजावणी रखडली. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटल्यावर यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या शाखांना लागला. त्या पेपरावर नोकरी मिळत नाही. नोकरी देणाऱ्या पर्यावरणशास्त्राच्या पदवीची मुळे वेगळ्या कायद्यांत आहेत.

महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राच्या पाच वर्षे आधी. त्यातून १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ उभे राहिले. नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली तीही १९७० मध्येच. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने होते आणि त्यांच्या सांडपाण्याची वाट खाडीकडेच जात होती. कन्सेंट (कारखाना चालवायची मंडळाची परवानगी) हवी तर पाण्याचे रिपोर्ट हवेत, म्हणून या क्षेत्रातला पहिला पगार मिळाला तो केमिस्टला. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, पुढे दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरणे आले, आणि कंपन्यांना कागद सांभाळणारा माणूसही लागू लागला.

लॅबचे काम मात्र अजूनही बाटलीपाशीच अडते. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याची चाचणी. जुन्या पुस्तकांत ती २० अंशांवर ५ दिवसांची असते. आपल्याकडे ती २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. ३०० मिलीच्या बाटलीत बुडबुडा राहिला की रीडिंग गेले. तिसऱ्या दिवशी विरघळलेला ऑक्सिजन किमान १ मिलीग्राम प्रति लिटर उरलेला आणि किमान २ ने घटलेला हवा. नसेल तर डायल्यूशन (सॅम्पल पातळ करण्याचे प्रमाण) चुकले. सीओडीत, म्हणजे घाण डायक्रोमेट या रसायनाने जाळून लागणारा ऑक्सिजन मोजतात त्या चाचणीत, फसवते ते मीठ, म्हणजे त्यातले क्लोराइड. २० मिली सॅम्पलमध्ये घातलेला ०.४ ग्राम मर्क्युरिक सल्फेट (पाऱ्याचा क्षार) लिटरला २,००० मिलीग्रामपर्यंतचे क्लोराइड धरून ठेवतो. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असते आणि उन्हाळ्यात भरतीच्या वेळी खाडीही फार मागे नसते. सॅम्पल पातळ न करता लावले तर डायक्रोमेट क्लोराइडवरच खर्च होतो आणि सीओडी फुगलेली दिसते. पाऱ्याचा उरलेला द्रव वेगळ्या कॅनमध्ये साठवायचा. तो सिंकमध्ये ओतणारा विभाग पर्यावरणाचा असेल तर काय बोलावे!

१९९१ ला सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) आले, १९९४ ला पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना. पण सल्लागार कंपन्यांना खरी बरकत आली ती २००६ च्या अधिसूचनेनंतर. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला आधी ईसी (पर्यावरण मंजुरी) हवी, हा नियम घोडबंदर रोड आणि खारघरच्या टॉवरना नेमका लागू पडला. जिथे पूर्ण अहवाल लागतो तिथे १० किलोमीटर त्रिज्येत पावसाळा सोडून एका हंगामाचा बेसलाइन (प्रकल्पाआधीच्या स्थितीची नोंद) घेतात: हवेचे रीडिंग आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे, म्हणजे एका ठिकाणी २४. वीज गेली की २४ तासांचे सॅम्पल फुकट जाते. आपल्या दमट हवेत फिल्टर पेपर डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) न ठेवता तोलला तर धुळीबरोबर ओलावाही मोजला जातो. नव्या पदवीधराची पहिली नोकरी बहुतेक हीच, गच्चीवरच्या सॅम्पलरशेजारी, म्हणजे हवा ओढून धूळ पकडणाऱ्या यंत्राशेजारी. कॉलेज निवडताना विचारायचे ते हेच: सॅम्पलर मुले स्वतः चालवतात, की तो कपाटात असतो?

संवर्धनाची बाजू इथे उशिरा आली, तीही न्यायालयातूनच. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन (खारफुटी) तोडायला आणि त्याच्या ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली. सरकारी जमिनीवरची कांदळवने वनखात्याकडे आली, २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला, २०१५ मध्ये खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव लागले. त्यामुळे वनस्पती-प्राणिशास्त्राच्या मुलांनाही इथे काम निघाले.

ते काम चालते भरतीच्या वेळापत्रकावर. ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे मिळून तीन-चार तास मिळतात, तेवढ्यात १० बाय १० मीटरचे चौकोन आखून झाडे मोजायची. घेर १.३७ मीटर उंचीवर घ्यायचा हे वर्गात शिकवतात, पण तिवर हे इथले कांदळवनाचे झाड त्या उंचीच्या खालीच अनेक खोडांत फाटते. मग प्रत्येक खोडाचा घेर वेगळा घ्यायचा आणि सगळ्यांना झाडाचा एकच नंबर द्यायचा. हे राहिले तर चौकोनात ९ झाडे असताना तक्त्यात २५ दिसतात.