२६/११ च्या चौकशी समितीच्या शिफारशींचं पुढे काय झालं? आरटीआयने पाठपुरावा कसा करायचा, कोण करू शकतं, काय कागद लागतात

प्रधान समितीचा अहवाल कुठे मिळेल असं बरेच जण विचारतात. अहवाल मिळवणं हा तसा सोपा भाग आहे, खरं डोकं लागतं ते त्यातली एक शिफारस धरून तिचं पुढे काय झालं हे कागदावर मिळवायला. अर्ज कुठे करायचा, फी किती, काय जोडायचं हे सगळं सांगतो, पण आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो.

हल्ला झाला २६ नोव्हेंबर २००८ ला, आणि ३० डिसेंबर २००८ ला राज्य सरकारने दोन जणांची उच्चस्तरीय समिती नेमली, केंद्राचे माजी गृह सचिव राम प्रधान आणि माजी आयपीएस अधिकारी व्ही. बालचंद्रन. एप्रिल २००९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. जूनच्या अधिवेशनात सरकारने सभागृहात मांडला तो फक्त कार्यवाही अहवाल, म्हणजे शिफारशींवर आम्ही काय करतोय एवढाच कागद, मूळ अहवाल नाहीच. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि मूळ अहवाल पटलावर आला तो डिसेंबर २००९ ला, नागपूर अधिवेशनात.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ही समिती १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेली नव्हती. त्या कायद्याखाली आयोग नेमला तर कलम ३(४) प्रमाणे अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत तो कार्यवाहीच्या ज्ञापनासकट (म्हणजे शिफारशींवर काय केलं त्याच्या टिपणासकट) सभागृहात ठेवावाच लागतो. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींचा श्रीकृष्ण आयोग तसा होता, दंगलींसोबत १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही नंतर त्याच्या कार्यकक्षेत घातले होते, त्याचा अहवाल फेब्रुवारी १९९८ ला आला आणि ऑगस्ट १९९८ ला सभागृहात ठेवला गेला. प्रशासकीय समितीला हे बंधन नाही. म्हणून कुठल्याही हल्ल्यानंतर चौकशी जाहीर झाली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, आयोग आहे की समिती?

दुसरं म्हणजे प्रधान समितीने बघितलं ते मुख्यतः राज्य सरकार आणि मुंबई पोलिसांचं काम, केंद्राच्या गुप्तचर यंत्रणा तिच्या कक्षेत नव्हत्या. त्यामुळे एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा), एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचा मुंबईतला तळ, कोस्ट गार्ड असलं काही विचारायचं असेल तर तो अर्ज दिल्लीचा, वेगळा. सागरी पोलिसांच्या बोटींसारखे विषय मात्र दोन्हीकडचे असतात, केंद्राच्या योजनेचा पैसा आणि चालवायचं राज्याने.

आता मुद्द्याचं. कुठलाही कार्यवाही अहवाल उघडा, शिफारशीसमोर मान्य, तत्त्वतः मान्य, कार्यवाही सुरू आहे, शासनाच्या विचाराधीन, असलेच शब्द असतात आणि यातल्या एकाही शब्दाने पोलिसांसाठी एक बुलेटप्रूफ जॅकेटसुद्धा विकत घेतलं जात नाही. शहरभर सीसीटीव्ही बसवायची शिफारस बघा ना. अहवाल २००९ चा, टेंडर पुन्हा पुन्हा अडकलं, कंत्राट दिलं गेलं २०१५ मध्ये आणि साधारण ४,७०० कॅमेऱ्यांचं काम पूर्ण झालं ऑक्टोबर २०१६ मध्ये. एवढी सगळी वर्षं कुणी सरकारला विचारलं असतं तर 'कार्यवाही सुरू आहे' हे उत्तर खोटं नव्हतंच की!

म्हणून उत्तर मागायचं नाही, कागद मागायचा. माझा पहिला अर्ज यातच फसला होता. मी लिहिलं होतं, 'समितीच्या शिफारशींची अंमलबजावणी का झाली नाही याचा खुलासा करावा', तर एका ओळीचं उत्तर आलं की खुलासा हा माहितीच्या व्याख्येत बसत नाही. राग आला पण चूक माझीच होती. आरटीआय कायद्यात माहिती म्हणजे जे रेकॉर्डवर आहे ते, 'का' ला उत्तर द्यायचं बंधन अधिकाऱ्यावर नाही.

मग कुठले कागद? एखादी शिफारस खरंच अमलात येते तेव्हा ती मागे खुणा सोडत जाते. आधी शासन निर्णय म्हणजे जीआर किंवा पोलीस महासंचालकांचं परिपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, बजेटमध्ये किंवा पुरवणी मागण्यांमध्ये तरतूद, मग टेंडर, खरेदी आदेश, माल ताब्यात घेतल्याची नोंद, शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला. ट्रेनिंगची शिफारस असेल तर वर्षाला किती जणांनी फायरिंगचा सराव केला त्याचा गोषवारा. यातला कुठला कागद मिळत नाही ते कळलं की शिफारस नेमकी कुठे अडकली तेही कळतं, आणि त्यासाठी कुणाला मत विचारावं लागत नाही. जीआर तर सरकारच्या वेबसाइटवरच विभाग आणि तारीख टाकून सापडतात, आधी तिथे शोधा, फुकटचे १० रुपये आणि ३० दिवस वाचतील.

अर्ज कोण करू शकतं? भारताचा कुणीही नागरिक. हल्ल्यातल्या पीडिताचा नातेवाईक असायची गरज नाही, मुंबईत राहायची गरज नाही, परदेशात राहणारा भारतीय नागरिकही करू शकतो. संस्था, मंडळ, सोसायटीच्या नावाने करू नका, एका माणसाच्या नावाने करा. माहिती कशाला हवी हे विचारायचा अधिकार कुणालाच नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, तरी खिडकीवर विचारतात, हसून सोडून द्या. एक उदाहरण सांगण्यासारखं आहे, शहीद अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी त्या रात्रीच्या पोलीस कंट्रोल रूमच्या वायरलेस संभाषणाच्या नोंदी मिळवल्या त्या याच कायद्याने, बाकी कुठल्याही नागरिकाला करता येईल तसाच अर्ज करून.

कागदपत्रं म्हणाल तर जवळपास काहीच नाही. राज्याच्या कार्यालयासाठी जोडपत्र 'अ' चा नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा रोख भरून पावती. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर फी माफ, पण त्याचा दाखला जोडावा लागतो. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज होतो, फी तिथेच भरता येते. केंद्राच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही हां, तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा केंद्राचं वेगळं पोर्टल. झेरॉक्सचे पानाला २ रुपये.

महाराष्ट्रात अजून एक अट आहे जी लोक विसरतात, २०१२ पासून अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. म्हणजे जॅकेट, बोटी, कॅमेरे, सगळं एकाच अर्जात कोंबलं की एकाच विषयाचं उत्तर देऊन बाकीचं सोडून देतात. एक शिफारस, एक अर्ज. पैसे जास्त जातात, पण उत्तरं येतात. मी साधारण असं लिहितो:

'विषय: उच्चस्तरीय चौकशी समिती (२६/११), शीघ्र प्रतिसाद पथकाबाबतची शिफारस. कालावधी: १ मे २००९ ते आजपर्यंत. तपशील: (१) सदर शिफारशीवर निघालेले सर्व शासन निर्णय व परिपत्रकांच्या प्रती. (२) त्यासाठी वर्षनिहाय मंजूर व खर्च रकमेचा तक्ता. (३) अंमलबजावणीचा शेवटचा आढावा ज्या बैठकीत झाला तिचं इतिवृत्त. (४) संबंधित नस्तीची पाहणी करू द्यावी.'

चौथा मुद्दा सोडू नका, नस्ती म्हणजे सरकारी फाईल. नस्तीवरच्या टिपण्यांमध्येच कळतं की फाईल कोणत्या कार्यासनाकडे (विभागातल्या टेबलाकडे) किती महिने पडून होती. पाहणीचा पहिला तास फ्री असतो, पुढे प्रत्येक १५ मिनिटांना ५ रुपये. जाताना वही-पेन न्या आणि पान क्रमांक टिपून आणा, मग तेवढ्याच पानांच्या प्रती मागा.

अर्ज जन माहिती अधिकारी, गृह विभाग, मंत्रालय यांच्या नावे. माहिती त्यांच्याकडे नसून पोलीस आयुक्तालयात असेल तर कलम ६(३) खाली ५ दिवसांत त्यांनीच तो अर्ज तिकडे पाठवायचा असतो, 'आमच्याशी संबंधित नाही' म्हणून परत करता येत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत उलटली तर नंतर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६).

नकार येणार हे धरूनच चला, विषयच तसा आहे. बहुतेक वेळा कलम ८(१)(क) म्हणजे देशाची सुरक्षा, किंवा (ज) म्हणजे तपासात अडथळा. काही नकार बरोबर पण असतात, कुठल्या चौकीवर किती शस्त्रं आणि किती माणसं हे मी पण देऊ नये म्हणेन. म्हणून तसलं मागायचंच नाही. किती रुपये मंजूर झाले, आदेश कोणत्या तारखेचा, माल आला का, एवढ्याने कुठलीच सुरक्षा धोक्यात येत नाही. तरी नाही म्हटलं तर अपिलात दोन कलमं लिहा, कलम १० (गोपनीय भाग झाकून बाकीचा द्या) आणि ८(२) (जनहित मोठं असेल तर सूट असूनही देता येतं). सभागृहात ठेवलेला अहवाल गोपनीय आहे असं कुणी म्हणालं तर फक्त पटलावर ठेवल्याची तारीख दाखवा. राज्य गुप्तवार्ता विभागाकडून मात्र अपेक्षा ठेवू नका, त्यांना कलम २४ खाली कायद्यातूनच वगळलंय, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे विषय सोडून.

पहिलं अपील ३० दिवसांत, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा. मग दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये. आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड करू शकतो, पण तारीख लागेपर्यंत धीर लागतो, तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका.

म्हणजे काय तर तुमच्या आमदाराला गाठा. तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) किंवा लक्षवेधी सूचना लावली की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरात 'करू' असा शब्द दिला तर तो आश्वासन समितीच्या, म्हणजे मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं पाळली का हे बघणाऱ्या विधिमंडळाच्या समितीच्या खात्यात जातो. आरटीआयने मिळालेला कागद हातात असलेला आमदार आणि नुसता भाषण करणारा आमदार यात किती फरक पडतो ते सांगायला नको. कॅगचे (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे) अहवालही चाळा, पोलीस आधुनिकीकरणाचा पैसा किती वापरला, किती पडून राहिला हे तिथे आयतं मिळतं.

आणि अर्ज टपालाने पाठवलात तर स्पीड पोस्टच्या पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा, दुसऱ्या अपिलाची वेळ येईपर्यंत त्या पावतीवरची शाई उडून कोरा कागद उरतो.